हातचा एक

तपास करणाऱ्या बाई विचारतात, सुरुवात कधी झाली.
हॅन्लीतल्या या खोलीत घड्याळ नाही,
पाण्याचा जग आहे, आणि यंत्रावर लाल दिवा.
मी सांगते, शुक्रवार होता.
टनिक्लिफसाहेबांनी सगळ्यांसाठी ओटकेक आणले होते,
आपल्या धिरड्याची सावत्र बहीण, आत चीज वितळलेलं,
कागदी पिशवीला तुपकट डाग.
हे त्या लिहून घेत नाहीत.

दोन जानेवारीला कार्लाइलला गेलेला ट्रक
मी एकतीस डिसेंबरला पाठवला.
एवढंच.
साडेतीनशे खोकी, स्वयंपाकघराच्या पांढऱ्या टाइल्स.
गिऱ्हाईक खरं, माल खरा, ड्रायव्हरची सही खरी,
फक्त तारीख जराशी सरकली,
बाकावर कुणाला जागा करून द्यावी तशी.

बँकेची अट होती. विक्री एका आकड्याखाली आली
की कर्ज लगेच परत.
आणि साहेबांच्या ड्रॉवरमध्ये चाळीस नावांची यादी.
ती त्यांनी मला दाखवली. तिसरं नाव ब्लोर,
भट्टीवरचा, मला रोज 'डक' म्हणून हाक मारणारा,
माझी थंडीत गारठलेली गाडी दोनदा चालू करून देणारा.
"या तिमाहीपुरतंच," साहेब म्हणाले.
डोळे ओले होते त्यांचे, खरंच ओले.
बोनसचं पत्रही त्याच ड्रॉवरमध्ये होतं,
हे मला फार नंतर कळलं.
डोळे पुसताना त्यांना ते आठवत नसेलही.
संशयाचा फायदा मी त्यांना देते,
कारण थोडा मलाही हवा आहे.

इचलकरंजीच्या शाळेत शिंत्रेबाई फळ्यावर खडू आपटायच्या:
आठ नि सात पंधरा, पाच मांडा, हातचा एक.
हातचा विसरला की छडी.
मी कधीच विसरले नाही.
डिसेंबरने जानेवारीचा एक ट्रक खाल्ला,
म्हणून मार्चला एप्रिलचे दोन लागले,
जूनला पाच,
आणि सप्टेंबरमध्ये असे ट्रक निघाले
जे कुठल्याच महिन्यात निघाले नव्हते.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
आमची नव्वद लाख पौंडांची झाली
आणि बोटं आखडून गेली.

बर्मिंगहॅमहून ऑडिटचा पोरगा आला, तेविशीतला, नवे बूट.
गोदामात त्याने बाहेरची रांग मोजली.
आतल्या एका खोक्यावर सहज टकटक केलं.
पोकळ आवाज आला.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे,
पाच दहाची गाडी होती त्याची.
बरोबरची खूण केली.
मला त्याचा राग यायला हवा होता.
आला तो सुटकेचा श्वास.

नीतिमत्तेचा कोर्स? हो, दरवर्षी असायचा.
संगणकावर, बावीस पानं.
पुरवठादाराने वाइनची बाटली दिली तर काय कराल?
मला दरवेळी शंभरपैकी शंभर.
प्रमाणपत्र आहे, त्यावरची तारीखसुद्धा बरोबर आहे.
पण चांगला माणूस समोर रडत असेल
आणि तुमच्या एका 'नाही'ने आणखी रडणार असेल,
हे पान त्यात नव्हतं.
लुच्चा समोर असता तर मला जमलं असतं.

चाळीस वाचवायला निघालो, तीनशे साठ गेले.
भट्टी थंड व्हायला चार दिवस लागले म्हणे.

परवा लॉन्गटनला ओटकेकच्या रांगेत ब्लोर भेटला.
डक म्हणाला नाही.
मीच बोलले, यादीत तुझं नाव होतं, तिसरं.
बराच वेळ तो तव्याकडे बघत राहिला.
"म्हणजे मी तसाही जाणारच होतो," म्हणाला,
"पण चोवीस वर्षांचे पैसे हातात घेऊन."
आणि पुढे सरकला.

माझा नंबर आला.
मी दोन मागितले, साधे, चीजशिवाय.
बाईने सुटे परत दिले,
आणि मी ते तिथेच उभी राहून, मागे रांग असताना,
दोनदा मोजले.