शीग

वाळूजला, आमच्या स्टँडर्ड रूममध्ये
बारा महिने वीस डिग्री.
बाहेर मे महिना डांबर पातळ करतो,
आत मी स्वेटर घालून बसते
नईमोद्दीन सरांच्या खुर्चीवर.
रिटायर होताना ते एवढंच बोलले,
"ब्लॉक कू हाथ नक्को लगाव बेटा,
हाथ में बुखार रहता सबके."

लाकडी पेटी. आत एकशे तीन पोलादी तुकडे.
एकावर एक सरकवून दाबले की धरून बसतात,
ना डिंक, ना लोहचुंबक,
नुसता सपाटपणा.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला लाजच वाटली,
दोन वस्तूंनी इतकं जवळ यावं.

झाकणाच्या कप्प्यात कंपनीची पुस्तिका.
कुसानो सेइकी. तिचं इंग्रजी मोडकं,
माझंही मोडकं, म्हणून आमचं जमलं.
पहिला कुसानो तांदळाची मापं करायचा,
देवदाराची, चौकोनी,
काठाला लोखंडी पट्टी ठोकून,
म्हणजे व्यापाऱ्याला काठ तासता येऊ नये.

इथं मी थांबले.
बसल्या जागी जालन्याच्या मोंढ्यात जाऊन आले.

माझा बाप मापारी.
ज्वारीच्या ढिगाशी गुडघे टेकून पायली भरायचा,
एक कधी म्हणायचा नाही,
लाभ!
लाभ, मग दोन, मग तीन,
तोंडात धूळ, आवाज देवळातला.
अडत्यानं खाकरलं की त्याचा अंगठा
पायलीच्या आत उतरायचा, मूठभर ज्वारी तिथंच राहायची.
आणि झाडलोट करणारी गोदूबाई पदर पसरून आली की
शीग अशी चढवायचा
की दाणे चहूकडून ओघळायचे.
दोन्ही मी पाहिलंय.
दोन्ही वेळा तो माझ्याकडं बघायचा नाही.

पुस्तिकेत पुढं: मुलानं तराजू केले,
नातवानं मायक्रोमीटर,
एकोणीसशे सदतीस सालचा फोटो, नवी इमारत, झेंडे.
पान उलटलं तर थेट शेहेचाळीस.
पत्र्याची शेड, अकरा माणसं, कोणी हसत नाही.
मधल्या नऊ वर्षांना एकच ओळ,
"कठीण काळातही काम चालू राहिलं."

तपासणीला कुवाबारा आले तेव्हा
कॅन्टीनमध्ये मी विचारलंच, कसलं काम?
त्यांनी चहाचा कप खाली ठेवला,
बशीच्या बरोब्बर मध्यभागी.
"तोफगोळ्यांचे फ्यूज.
माझी आजी तपासायची. सोळा वर्षांची होती.
आमचं माप कधी चुकलं नाही."
हे ते अभिमानानं म्हणाले नाहीत.
मग बराच वेळ उसळीतली मिरची बाजूला करत राहिले.

कारखाना जळाला त्याच्या आदल्या रात्री
आजीनं मूळ ब्लॉक तेलाच्या फडक्यात गुंडाळून
भाताच्या खाचरात पुरले होते.
वर्षानं उकरले. गंज नव्हता,
पण एक-दोन जरासे वाढले होते.
पोलाद म्हातारं होतं, म्हणाले कुवाबारा,
मग आत कुठंतरी हलतं, केसाच्याही शंभराव्या भागानं,
कुणाला कळत नाही. आम्हाला कळतं.

त्या दुपारी माझ्या पेटीतला पंचवीसचा तुकडा
तसाच वाढलेला निघाला.
लाल स्टिकर. बाद.
भंगारात जायचा, मी सही करून घरी आणला.

बापाचे हात आता थरथरतात.
पायली कोपऱ्यात आहे, तिच्यात आई विजेची बिलं ठेवते.
मी तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला,
ताप असलेल्या उघड्या तळहातावर,
नईमोद्दीन सरांनी बघितलं असतं तर!
त्यानं बराच वेळ तोलला, काठावरनं अंगठा फिरवला.
"किती हाय?"
पंचवीस, म्हटलं. आणि वर थोडं.
"वर थोडं म्हंजी शीग," तो म्हणाला
आणि कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसला.

त्या थोड्यासाठीच आम्ही बाद करतो,
हे मी त्याला सांगितलं नाही.