दहा घटका

शेवटचे बत्तीस किलोमीटर संपले
हेसलच्या किनाऱ्यावर, पुलाच्या सावलीत.
मी वाकून बुटातली खडी झटकत होते
आणि टेरीनं न बघताच घड्याळ बंद केलं.
एकाहत्तर वर्षांचा माणूस, पोरवयात ट्रॉलरवर होता,
वाऱ्याशी अजून अरेतुरेत बोलतो.

या नदीचं नाव हंबर.
मला ते कसं ऐकू येतं, इथं कुणाला सांगणार?
पण बेव्हर्लीच्या कुरणात गाई होत्या,
खऱ्या, भर वाटेत बसलेल्या,
आणि बाराव्या किलोमीटरला त्यांतल्या एकीनं
नदीचं नाव घेतलं, लांबवून.
मी एकटीच हसले.
टेरी म्हणाला, श्वास वाचव.

ग्लेनिसचा तक्ता फ्रिजवर आहे.
जूनपासून चौकोन निळ्या शाईनं भरत आले,
आता आकडे उतरतात: एकवीस. तेरा. पाच.
आणि मग नुसता शब्द, आराम.
याला टेपर म्हणतात.
मला रॉकेलचा स्टोव्ह आठवतो,
चावी सैल केल्यावरचा तो सुस्कारा.

पळायचं नाही म्हटलं की पाय शिवशिवतात.
मसाल्यांच्या बरण्या पुसून झाल्या.
जिना उतरताना डाव्या पोटरीत काहीतरी उसळलं
आणि रात्री दोन वाजता मी त्या पोटरीशी बोलत होते,
आधी लाडानं, मग धाक घालून.
दिवसभर फार्मसीच्या काउंटरवर मी लोकांना समजावते,
जेवणानंतर घ्या, रिकाम्या पोटी नको.
मला मात्र एक जिना समजावता येत नाही.

मंगळवारी ट्रॅक. चारशेच्या आठ फेऱ्या.
ग्लेनिस ओरडते, एक एकोणसाठ! दोन! दोन एक!
मी मनात पळं मोजते,
चोवीस सेकंदांचं एक, फेरीला पाच.
आमच्याकडे निसटत्या वेळेला पळ म्हणतात,
धावायला सांगतानाही पळ,
आणि तोंड चुकवणाराही पळच काढतो.
बावीस वर्षं हलमध्ये राहून, चाळिशीनंतर बूट घेऊन
यातलं मी नेमकं काय करते,
ते विचारणाऱ्याचं तोंड बघून सांगते:
वजनासाठी. हॉस्पिसच्या देणगीसाठी.
हवा बरी असते म्हणून.

चार तास म्हणजे बरोबर दहा घटका.
गेल्या वर्षी वर दहा पळं लागली.
टेरीला सांगितलं, पूर्वी लग्नात
भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडत,
भरून बुडाली की एक घटका.
तो बराच वेळ गप्प होता.
"बुडण्यावर वेळ मोजायचे?"
मग गाडीपर्यंत एक अक्षर नाही.

गुरुवारी त्याचा फोन. गुडघा. सुजून नारळ झालाय.
संध्याकाळी स्वतःच दारात उभा,
काड्यापेटीत चार सेफ्टी पिना घेऊन,
अकरा मॅरेथॉन पाहिलेल्या, एक किंचित वाकडी.
आईच्या बांगडीत अशा सहा तरी असत,
कुणाचं कुठं काय सुटेल, नेम नाही म्हणून.
हे मी सांगितलं नाही. चहा केला.
त्यानं तो अर्धाच प्यायला,
पाय लांब करून खिडकीबाहेर पाहत बसला.
"पूर्वेचा आहे," म्हणाला. "रविवारपर्यंत वळेल."

आज शनिवार.
क्लबच्या जर्सीवर नंबर लावला.
तीन पिना मुकाट गेल्या,
चौथीनं बोट टोचलं. थेंब चोखला,
पलंगावर आडवी होऊन नाडी धरली:
एका पळात वीस ठोके.
बाहेर समोरच्या बर्चच्या फांद्या
अजून पश्चिमेकडेच झुकत होत्या.