वरचा रुपया

या वैशाखात भावकीत सात लग्नं,
त्यातली दोन एकाच दिवशी,
एक अंजनगावला, एक येवद्याला.
जीप एकच. पाकिटं माझ्याकडे.

बारावी कॉमर्स शिकलेली सून म्हणून
आल्या सालापासून आहेराची वही माझ्या गळ्यात.
लाल कापडी पुठ्ठ्याची. सासूबाईंना लिहिता येत नसे,
त्या सांगायच्या
अन् शाळेतून आलेलं कोणतंही पोट्टं लिहायचं.
एकाच पानावर पाच वळणांची अक्षरं,
दुपट्टा-टोपी चार तऱ्हांनी चुकलेलं.

भासऱ्यांचा नियम सोपा.
सख्ख्याला पाचशे एक, चुलत-मावसाला दोनशे एक,
त्यापुढे एक्कावन्न अन् जेवून यायचं.
कोणी नाव ठेवू नये म्हणून नियम.
तरी ठेवतातच.
मागच्या साली नलूवन्सं साडीची घडी बघून म्हणाल्या,
"हे तं मीच देल्ली होती पिंटूच्या बारशाले."
हिरवी, मोरपंखी काठाची.
चार घरं फिरून घडी न मोडता परत.
त्या दिवसापासून जाऊबाई आलेल्या प्रत्येक साडीला
पदराच्या आत निळ्या पेनाची टिकली लावते.

येवद्याचं नाव शोधता शोधता पान लागलं.
सत्त्याऐंशी. नलूचं लग्न.
शामरावकाका मंगरूळ, पाचशे एक.
खूप खाली, समासात, पेन्सिलीनं,
गुंफा येवदा, अकरा.

आहेर वाढवून फेडायचा, हे सगळ्यांना ठाऊक.
अकराला किती वाढवायचं, ते कोणी सांगत नाही.
भासरे पान लावता लावता म्हणाले,
"एक्कावन्न टाक. चौपटीच्या वर झाले."

रात्री नवऱ्याला विचारलं, गुंफामावशी कोण?
आईची मावसबहीण. आपल्याच वावरात निंदायला यायची.
रोज काय होता तेव्हा?
तो जरा थांबला. पाच असन.
पाच अन् पाच दहा. वरचा एक रुपया.
कमरेत वाकून दोन दिवस ओळीनं सरकलेली बाई
अन् तिसऱ्या दिवशी मांडवात, रांगेत उभी.
शामरावकाकांच्या घरी त्या साली
कापूस आढ्याले लागला होता म्हणतात.

आज निंदणाचा रोज तीनशे.
मी पाकिटात सहाशे घातले.
रुपया तर पाकिटाला चिकटवलेलाच असतो.

"सख्ख्याहून जास्त? लोक काय म्हनतीन?"
मी म्हटलं, रकमेत जास्त. दिवसांत बरोबर.
भासऱ्यांना पटलं नाही.
ते दात कोरत बाहेर ओट्यावर जाऊन बसले.
जाऊबाईनं काही न बोलता
निळी टिकली नसलेली एक साडी
माझ्या पिशवीत सरकवली.

येवद्याला नवरीची आजी खुर्चीवर नव्हतीच.
मांडवामागं, वांग्यांच्या ढिगापाशी,
देठं कापत बसलेली.
पाकीट तिनं तिथंच उघडलं,
कोणी उघडत नाही असं, सगळ्यांदेखत.
"काहाचे व बाई एवढे?"
मी हिशोब सांगितला. रोज, दोन दिवस, रुपया.
आचारीही झारा धरून ऐकत राहिला.
ती हसली. पुढचे दोन दात नव्हते.
"चुकली तू. पाच गड्याले होता.
बाईले चारच."
अन् पुढचं वांगं उचललं.

परतताना जीपमध्ये वही मांडीवर घेतली.
अकराला चारनं भागलं.
पावणेतीन दिवस.
भासरे पुढच्या सीटवर झोपलेले,
ड्रायव्हर खड्डे चुकवतोय, सगळे चुकत नाहीत,
त्यामुळे माझं अक्षर हललं
अन् त्या पानावर सहावं वळण उमटलं.

गुंफा येवदा.
पाऊण दिवस बाकी.