दुसऱ्या गिअरातला माणूस

इंजिन ठरलंय.
डिझेल, पुढून चेपलेल्या एका पिकअपचं,
गाडीचा भुगा झाला, इंजिनाला ओरखडा नाही.
जीपचं जुनं पेट्रोल इंजिन साखळीनं वर काढलं
त्याला आठवडा झाला.
बॉनेटखाली एवढी मोकळी जागा
की परवा तिथं मांजर व्यालं.

आता मधला दुवा हवा.
इंजिनाचं म्हणणं चाकांना समजेल असं सांगणारा.

उद्यमनगरात दस्तगीर मुजावरच्या पत्र्याखाली
तीन गिअरबॉक्स, तीन पोत्यांवर.
पहिला चंदेरी, कालच न्हाऊन आल्यासारखा.
"घ्या ताई, पाच गिअर हायत, हायवेला उडंल."
तायाप्पा सुतारांनी खिशातली किल्ली काढली,
कडेला जरा खरवडलं.
रंगाखाली वेल्डिंगची शिवण.
काही न बोलता ते पुढच्या पोत्यापाशी उकिडवे बसले.

दुसऱ्याचा खालचा बोल्ट सोडला, तेल तळहातावर घेतलं,
उन्हात धरलं.
सोनं चमकत होतं त्यात, बारीक, सुंदर.
गुजरीत अशी चमक दिसली की माणूस खिशात हात घालतो,
इथं काढून घेतो.
पितळी रिंगा झिजून झिजून तेलात उतरल्यात,
गिअर पडताना रडणार हा.

तिसऱ्यावर बोटभर चिखल.
चारच गिअर.
तेल जुन्या काकवीसारखं काळं, पण चमक नाही,
चुंबकाला राखेसारखा लगदा, कपच्या नाहीत.
तायाप्पांनी शाफ्ट दोन बोटांत धरून हलवला,
मग वरचं झाकण काढून बॅटरी मारली आत.
बराच वेळ.
"इकडं या. दुसऱ्याचा दात बघा.
एकाच अंगानं झिजलाय. उताराच्या अंगानं.
ह्यो घाटातला माणूस.
ब्रेकवर नाय, दुसऱ्या गिअरात इंजिनावर गाडी धरून उतारणारा.
करूळ म्हणा, भुईबावडा म्हणा."
आणि फोर्क दाखवला, जवळजवळ नवा.
"गिअर टाकला की हात परत स्टेअरिंगवर.
दांड्यावर हात ठेवून बसायची खोड नव्हती त्याला."

मला आहे ती खोड.
नवऱ्याला वाटतं, किती निवांत चालवते.
निवांत नसते मी,
काहीतरी धरून ठेवते.

कोण असेल तो?
मागं काय भरलेलं असेल, काजू, पत्रे, वऱ्हाडातली पोरं?
धुक्यात वळण यायच्या आधीच
पाय क्लचवर, हात दुसऱ्यावर,
आणि पुढं दरी आहे हे माहीत असलेल्या माणसाचं
ते सावकाश उतरणं.
गाडी कुठल्या भंगारात गेली, तो कुठं गेला,
दस्तगीरला विचारलं तर म्हणाला,
"ताई, मी लोखंड वजनावर घेतो, गोष्टीसकट नाय."

शाफ्टच्या एका दात्याला खडूची खूण करून मी मोजले. दहा.
परत मोजले. दहाच.
घरातली क्लचप्लेट तेवीसची.
म्हणजे प्लेट बदला, मधली जाड चकती चौगुल्यांकडून लेथवर काढून घ्या,
आणि मध्य दोन थाऊ जरी हलला
तरी पायलट बेअरिंग महिन्यात बोंबलणार.
चंदेरी बॉक्स सरळ बसला असता, एका दुपारीत.

"ह्योच का?" दस्तगीरनं विचारलं.
"हाच."
साडेनऊ मागितले, सात हजार दोनशेला सुटला.
"गॅरंटी नाय. आवाज नाय आला तर माझं नाव सांगा.
आला तर सांगू नका."

रिक्षात पायाशी तो,
टाकाळ्यापर्यंत माझ्या चपलेवर गळत राहिला.

शेडमध्ये तायाप्पांनी बॉनेट उचललं, वाकून पाहिलं,
हळूच परत टेकवलं.
"डोळं उघडू देत पिल्लांचं. आठ दिस काय जातंय."

मग मी त्याला फळीवर ठेवला,
रॉकेलनं पुसला,
नुसत्या हातानं गिअर टाकून बघत बसले.
पहिला. तिसरा. चौथा.
दुसऱ्याला जरा अडतो,
आत कुणीतरी अजून वळणाचा अंदाज घेतंय.
मी दांड्यावरून हात काढला.
मग परत ठेवला.