माहितीदार क्रमांक सत्तेचाळीस

बर्डीवर, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत
माझं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं.
अडुसष्टच्या मे महिन्यात
ती कापडी पिशवीत प्रबंध घेऊन आली.
पानाला चाळीस पैसे ऐकून दारातच थबकली;
तीस करा जी, म्हणाली, तक्ते मी आखून देते.

प्रमिला पराते, राहणार तांडापेठ.
विषय: हातमागावरची लुगडी, विणकरांची मिळकत.
तीनशे बारा घरं, एकेक दार वाजवून मोजलेली.
मला इंग्रजी येत होतं ते बोटांपुरतं.
आकडे मात्र कळायचे;
आकड्यांसाठी बोट वरच्या ओळीत न्यावं लागतं,
वेग मोडतो,
आणि नको असलं तरी वाचलं जातं.

क्रमांक सत्तेचाळीस. वय बावन्न. माग एक.
मुली तीन. महिन्याची लुगडी नऊ.
पत्ता तिच्याच घराचा.
मी काही बोललो नाही.
चार प्रती काढल्या, कार्बन घालून.
चौथी इतकी पुसट निघाली की ती म्हणाली, ठेवा तुम्हीच.

मग दिल्ली. मग परदेशातली एक बँक,
जी माणसांना नाही, देशांना कर्ज देते.
मग परत दिल्ली, सल्लागार,
पेपरात कोपऱ्यातला फोटो, मोठ्या माणसांच्या मागे अर्धा चेहरा.
आणि पंचाण्णवला एकदम पूर्ण चेहरा: राजदूत.

आमच्याकडे राजदूत म्हणजे फटफटी.
तिची धाकटी बहीण पेढे घेऊन आली आणि हळूच म्हणाली,
थे तिथं करते काय जी नेमकं?
मी म्हटलं, आपला अख्खा देश खुर्चीवर बसला
तर कसा बसेल, तशी बसते.
ती म्हणाली, मंग पाय दुखत असतील.

वर्षातून एक पोस्टकार्ड यायचं, बर्फाच्या डोंगराचं.
"इथंही समुद्र नाही, मोहरीलजी. आपल्यासारखंच.
सगळ्यांना दुसऱ्याच्या दारातून जावं लागतं."
एकावर फक्त दोन ओळी:
"आज सुताच्या करारावर सही केली.
तक्ता चौदा आठवला."
मी चौथी प्रत काढून तक्ता चौदा पाहिला.
त्यात सूत महागल्यावर बंद पडलेले माग होते.
उत्तर काय लिहायचं ते सुचलं नाही.
इकडे सगळे ठीक, असं लिहिलं.

आता ती बजाजनगरात राहते, पहिल्या मजल्यावर.
ती एक्क्याऐंशी, मी चौऱ्याऐंशी.
भिंतीवर एकही फोटो नाही, कुठल्याच राष्ट्राध्यक्षाचा.
खिडकीला वाळ्याची ताटी, कूलरची घरघर,
बाहेर सेहेचाळीस.
चौथी प्रत आणा म्हणाली, म्हणून नेली.

चष्मा बदलून तिनं पान शोधलं. बोट ठेवलं.
"बाबा नऊ म्हणाले होते. सहा विणायचे.
माग मला झोपेतसुद्धा मोजता यायचा ना जी.
पण वही घेऊन मी समोर बसले, बाई म्हणून,
तर ताठ बसून म्हणाले, नऊ लिव.
लिहिलं.
सरासरी थोडी वर गेली. पदक मिळालं."

मी विचारलं, खोडलं काऊन नाही?

ती बराच वेळ कूलरकडे पाहत राहिली.
"पुढं आयुष्यभर लोकांनी मला नऊच सांगितलं.
मंत्र्यांनी, गव्हर्नरांनी, त्या डोंगरातल्या राजवाड्यानं.
मीही त्यांना नऊच सांगत होते, इस्त्रीच्या साडीत.
कोण किती विणतो ते दोघांनाही माहीत असायचं.
ऐकून घ्यायची नोकरी होती ती.
शिकले मात्र तांडापेठेत,
आणि तिथं मी नापास झाले, असं वाटतं मधूनमधून."

माझ्या पिशवीत पांढऱ्या शाईची बाटली होती,
सवयीनं आणलेली. काढली.
ती हसली, नको म्हणाली,
मांडीवरचं पान तिनं उलटं फिरवलं,
खालचं वर, वरचं खाली,
आणि पुसट नऊच्या जागी सहा पाहत बसली.

मग कूलरमधलं पाणी संपलं, वास यायला लागला.
बादली मी उचलतो म्हटलं.
तिनं उचलू दिली नाही.