डावा हात

ग्रिम्सबीच्या हॉस्पिटलची लायब्ररी बंद झाली त्या आठवड्यात
दाराबाहेर ट्रॉली उभी होती: फुकट, घेऊन जा.
मेंदूचे दोन जाड खंड पहिल्याच दिवशी गेले.
हा उरला.
हाडांच्या वयाचा अ‍ॅटलास,
शिवण उसवलेला, बगलेत धरला तर पानं सांडणारा,
पानापानावर एकेका मुलाचा डावा हात.

आधी मुलगे, मग मुली.
तीन महिने, सहा महिने, वर्ष.
मनगटाच्या जागी आधी नुसता काळोख,
मग त्यात दोन दाणे,
मग सात, मग कोपऱ्यात वाटाण्याएवढा आठवा.
नावं नाहीत.
ती सगळी निरोगी होती, एवढंच खाली छापलंय.
निरोगी म्हणून तर पुस्तकात आली.

आमच्याकडे म्हणतात, हात दाखवून अवलक्षण.
मी त्यावरच पोट भरते.
क्ष-किरणांत भाग्यरेषा उमटत नाही,
उमटते ती आजारपणाची:
ज्या हिवाळ्यात मूल वाढायचं थांबलं
त्या हिवाळ्याची बारीक पांढरी आडवी रेघ
मनगटाच्या थोडी वर.
मूल विसरतं. हाड बराच काळ विसरत नाही.

आज चार वाजता एक फिल्म आली. दोमास, तेरा पूर्ण.
आई गोदीवरच्या मासळीच्या कारखान्यात, रात्रपाळी.
तपासणीचं कारण: उंची.
खाली डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरात,
गोलकीपर व्हायचंय म्हणतो.

कॉम्प्युटर चार सेकंदांत सांगतो, अकरा वर्षं दोन महिने.
मी तरी पुस्तक काढते.
विश्वास नाही असं नाही,
पण चार सेकंदांत कुणाला पाहिल्यासारखं वाटत नाही.
साडेदहाचं पान. अकराचं. साडेअकराचं, मग परत मागे.
वाढीच्या फटी सताड उघड्या,
अंगठ्याजवळचं तिळाएवढं हाड अजून उगवलेलंच नाही.
झाकली मूठ, पोरा, सव्वा लाखाची.
असं रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही.
इंग्रजीत लिहिते की हाडं वयाच्या दोन वर्षं मागे आहेत,
वाढीला वाव आहे,
आणि मनात म्हणते, शिल्लक.
पासबुकात, डब्यात, सुट्टीत असते तशी. शिल्लक.

पुस्तक मिटताना आज प्रथमच मलपृष्ठाआधीचं कोरं पान उघडलं.
वर जुन्या मालकाची सही, डॉ. एल. स्क्रिव्हनर,
चहाच्या कपाचा अर्धा गोल,
आणि पेन्सिलीने काढलेला एक हात.
लहान मुलाचा. पानावर पालथा ठेवून
भोवतीने फिरवलेली पेन्सिल.
अंगठा उजवीकडे, म्हणजे डावा.
एखादी रविवारची ड्यूटी असेल,
घरी सांभाळायला कुणी नसेल,
अंधाऱ्या खोलीत पोराला गप्प कसं बसवायचं?

सगळ्या अ‍ॅटलासात हाच एक, ज्याला हाडं नाहीत.
सवयीने वय काढू पाहते. निघत नाही.
नुसत्या बाह्यरेषेवर मी कधीच काही सांगत नाही,
ज्युनिअरांनाही सांगू देत नाही.

पण मधल्या बोटापासून अंगठ्यापर्यंत येताना
रेघ दोनदा थरथरली आहे, एकदा पार बाहेर पळाली आहे.
गुदगुल्या झाल्या त्याला.
पुरावा एवढाच. दुसरं मत मागवणार नाही.
मी ठाम आहे.