बरगे

जून लागला की बाप बरगे काढायचा,
दिवाळी सरली की घालायचा.
मधले चार महिने नदी तिची ती
आणि बाप दाराशी, विडी विझवत, पेटवत.

कसबा बावड्याच्या खाली राजाराम बंधारा.
दगडी खांब, खांबांना खाचा,
खाचांत बरगे एकावर एक, अशा दोन ओळी,
आणि दोन ओळींच्या पोटात तुडवलेली काळी माती.
अंगानं सगळ्यांत हलका म्हणून
तुडवायला आत उतरायचा केरबा मेथे.
माझा बाप.

हजेरीपटावर केरबा दोन झाले.
एक पाण्याची पट्टी वाचणारा, एक हा.
पगाराची गल्लत नको म्हणून कारकुनानं लिहिलं
'केरबा बरगे'.
पगार त्या नावावर निघाला,
मग रेशनकार्ड, मग माझं शाळेतलं नाव.
मेथे तेवढे मातीत तुडवले गेले.

शिरगुप्पे बाई मराठी शिकवायच्या.
मी विचारलं, बाई, बरग्यावरून बरगडी आली का?
म्हणाल्या, सारखं ऐकू येतं म्हणून सोयरं होत नाही.
धार वेगळ्या घरची, धरण वेगळ्या घरचं.
एक पळणारीचं, एक धरणाऱ्याचं.
पण बंध आपला संस्कृताकडचा, बंद आला फारसीतून,
आणि ती दोघं मात्र, लई वर, एकाच आईची.
प्रयाग चिखलीला कासारी भोगावतीला भेटते, तसं समज.

बापाला सांगितलं. तो म्हणाला,
बंद केलेली धारा तो बंधारा, त्यात काय शिकायचं?
बाईंनी ते चूक ठरवलं.
मी परीक्षेत बाईंचं लिहिलं,
आणि बंधाऱ्यावर गेले की बापाचं खरं वाटायचं.

मला बघायला कोरेगावाकडनं माणसं आली.
आडनाव बर्गे. रफारवाले.
चहा पुढ्यात, आणि म्हातारा एकदम गप्प.
एका आडनावात सोयरीक कशी हो?
देवक कुठलं, मूळ गाव कुठलं, कुठली शाखा तुमची?
बाप म्हणाला, शाखा नव्हं पावणं, फळी.
तुमचं नाव घराण्याचं आसंल,
आमचं सागवानी. आता तर लोखंडी झालंय.
म्हातारा बशीत चहा ओतायचा थांबला,
मग एवढा हसला की मिशी भिजली.
तरी उठताना म्हणाला, नको.
लोक पत्रिका वाचतात, हजेरीपट कोण वाचतंय?
आजपासून भाऊबंद समजा.

नवरा मिळाला नाही त्या दिवशी,
पण दरसाल एसटीतून एक पिशवी आलं यायचं.
ओलं, मातीसकट.
भाऊबंद. त्यातही तो बंद आहेच,
बाईंना सांगायचं राहिलं.

गेल्या मे महिन्यात बाप सीपीआरला.
डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला :
बरगड्या एकाखाली एक, दोन्हीकडं ओळी,
आणि डाव्या अंगाला खाली पांढरं, सपाट,
थोपलेलं.
पाणी झालंय, म्हणाले. काढायला लागेल.

मी फोटोकडे बघत राहिले.
बाई, सोयरं नसेलही.
पण कुणीतरी हजेरीपटावर लिहिलंय हे.

बापानं डोळे न उघडता विचारलं,
तारीख काय?
एकोणतीस.
म्हणाला, मग काढा की. दोन दिसांत जून.
वरनं काढा, एकेक. खालचा आधी काढला
तर सगळं अंगावर येतंय.

नळीतून बाटलीत पिवळसर उतरत राहिलं.
सिस्टर आकडा लिहायला वाकली
तेव्हा त्यानं मान वळवली.

किती फूट?

सिस्टर पंढरपूरकडची की लातूरकडची, कोण जाणे,
तिला कळेना काय सांगावं.
मी म्हणाले, अजून इशाऱ्याच्या खाली आहे, आबा.
त्यानं मान हलवली, आणि बोटांनी
चादरीची कड चाचपत राहिला,
खाच शोधल्यासारखी.